परसांतलीं कांसवाचीं पिलें

मृग लागून दोन-तीन चांगल्या सरी पडल्या आणि उन्हाळ्यांत भेगाळलेली काळी जमीन फुगून मऊ झाली, म्हणजे आमच्या बोरी अरबसारख्या गांवीं, जेथें घरामागें अजून परस आहे आणि परसापलीकडे नाला आहे, तेथें एखाद्या सकाळीं केळीच्या आळ्यांत किंवा अळूच्या पानांखालीं दोन-अडीच बोटें रुंदीचीं कांसवाचीं पिलें चालतांना दिसतात. मुलें ओरडतात, थोरलीं माणसें जमतात, आणि घटकाभरांत घरांतील प्रत्येकाचें त्या पिलांविषयीं निराळें मत होऊन बसतें. एकत्र कुटुंबांत मतांना तोटा नसतो. परंतु त्या मतांच्या ओढाताणींत पिलांचा जीव जातो, म्हणून या महिन्यांत हाच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

"अशा वेळीं काय करावें?" या प्रश्नाचें उत्तर प्रथमच सांगून टाकतों. बहुतेक वेळां कांहींच करावयाचें नसतें. कुत्रें बांधावें, मांजर घरांत कोंडावें, मुलांना ओट्यावर बसवावें, आणि पिलें कोणीकडे जातात तें पाहावें. तीं वाट चुकलेलीं नाहींत, आईपासून त्यांची ताटातूट झालेली नाहीं, तीं भुकेलींही नाहींत. तीं पाण्याकडे निघालेलीं आहेत, व त्यांच्या वाटेंत आपलें परस आलेलें आहे, इतकेंच.

हें ऐकून पुष्कळांस, विशेषतः घरांतील वडील बायकांस, बरें वाटत नाहीं. त्याचें कारणही आम्हांस ठाऊक आहे. कांसवी आपल्या पिलांना पाजीत नाहीं, भरवीत नाहीं, दुरून नुसत्या प्रेमळ दृष्टीनें पाहून त्यांचें पोषण करिते, ही उपमा आपल्या संतवाङ्मयांत इतक्या वेळां आली आहे कीं, ती आपल्या मनांत उपमा न राहतां प्राणिशास्त्र होऊन बसली आहे. देव भक्ताकडे पाहतो तो असा, हें सांगण्यासाठीं ती योजिलेली आहे, आणि त्या कामीं तिच्यासारखी दुसरी नाहीं. परंतु नाल्यांतली कांसवी अंडीं घालून वरची माती सारखी करिते, पाण्यांत परत जाते, आणि पुढें तीं पिलें कधीं तिच्या समोरून गेलीं तरी तीं आपलीं आहेत हें तिला कळत नाहीं. पिलांचें पोषण होतें तें अंड्यांतील बलकानें. त्या बलकाचा उरलेला अंश पोटांत घेऊनच पिलूं बाहेर पडतें, व पहिले कांहीं दिवस त्यास खाण्याची गरज भासत नाहीं. तेव्हां रात्रीं आई येईल म्हणून पिलें टोपलीखालीं झांकून ठेवणें निरर्थक आहे. उपमेंतील दृष्टि मात्र आपणांस उपयोगी पडेल: हात न लावतां लक्ष ठेवणें, हेंच त्या घरच्या माणसांचें काम.

गतवर्षीं आषाढांत आमच्याच गांवीं, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं, सात पिलें निघालीं. घर मोठें, चूल एक आणि माणसें सतरा. सकाळीं सात वर्षांच्या नातवानें तीं प्रथम पाहिलीं, पितळी घंगाळ पाण्यानें भरलें आणि त्यांत सोडलीं. आजींनीं, साक्षात् कूर्म घरीं आले म्हणून, प्रत्येकाच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलें. थोरल्या बंधूंचें मत विहिरींत सोडावीं असें पडलें. मधल्यांचें, अडाण नदीच्या पात्रांत नेऊन सोडावीं असें. धाकट्या सूनबाई, ज्या शास्त्र विषय घेऊन पदवीधर झाल्या आहेत, त्या म्हणाल्या कीं वनखात्यास कळवावें. हा वाद पानें मांडेपर्यंत चालला, व पानें उठल्यावर पुन्हां सुरू झाला. घंगाळ तोंवर अंगणांतच होतें. दुपारीं पावसानें उघडीप दिली, कडक ऊन पडलें, पितळ तापलें, आणि सर्व बाजूंनीं गुळगुळीत असलेल्या त्या भांड्यांतून पिलांना कोठें निघून जातां येईना कीं सावली मिळेना. आम्हांस बोलावणें आलें तेव्हां दोन पिलें पाण्यावर उलटीं तरंगत होतीं.

"मास्तर, रात्रीं आई येईल हो त्यांची," आजी म्हणाल्या, "तिची नजर असतेच पिलांवर. तिनंच बोलावून घेतलं असेल या दोघांना."

नातू खांबाआड उभा होता. तो एवढेंच म्हणाला, "मी त्यांना पाणीच दिलं होतं."

त्यावर घरांतील कोणास कांहीं बोलतां आलें नाहीं, आणि आम्हींही त्या मुलास त्या वेळीं शास्त्र सांगितलें नाहीं. उरलेलीं पांच पिलें सूनबाईंनीं ओली माती घातलेल्या टोपलींत, अळूच्या पानाखालीं सावलींत ठेविलीं व वनखात्यास दूरध्वनि केला. चार वाजतां वनरक्षक आला. त्यानें पिलें पाहिलीं, नोंद केली, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास परसामागील नाल्याच्या गवताळ कांठावर तीं सोडलीं. नातू बरोबर गेला होता. पांचही पिलें चिखलांत शिरून दिसेनाशीं होईपर्यंत तो तेथून हलला नाहीं.

हीं पिलें कोणत्या जातीचीं, हें ओळखणें फारसें कठीण नाहीं. आपल्याकडील तळीं, नाले आणि डबकीं यांतून नेहमीं आढळतें तें मऊ पाठीचें कांसव. त्याच्या पाठीवर कठीण ढाली दिसत नाहींत. ओल्या चामड्यासारखें गुळगुळीत आवरण असतें. नाक पुढें नळीसारखें निघालेलें, पोटाकडची बाजू पांढुरकी, आणि मागच्या अंगास दोन झडपा, ज्या पाय आंत घेतल्यावर दारासारख्या मिटतात. पूर्ण वाढ झाली म्हणजे हें कांसव फूटभर लांब होऊं शकतें. गीतेंत स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत जो कूर्म येतो, तो आम्हांस नेहमीं हा झडपांचाच वाटत आला आहे. समुद्रांतील कांसवास बिचाऱ्यास डोकें किंवा पाय कवचांत ओढून घेतांच येत नाहींत, म्हणजे तें त्या श्लोकाच्या कामाचें नव्हे. दुसरें आहे तें काळें कांसव. त्याची पाठ कठीण व गडद असून तीवर लांबीच्या दिशेनें तीन कंगोरे उठलेले असतात. त्याच्या शास्त्रीय लॅटिन नांवांत 'त्रिजुगा' असा शब्द आहे; त्यांतील 'जुग' आणि आपल्या संस्कृतांतील जोखड या अर्थाचें 'युग' हीं एकाच मुळाचीं भावंडें, तेव्हां संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें नांव परकें वाटूं नये. मोठ्या नद्यांच्या डोहांतून राहणारें आणखी एक मोठें मऊ पाठीचें कांसव आहे; त्याचें वर्णन १८७२ सालीं ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें पुण्याकडच्या नमुन्यावरून केलें व लीथ या गृहस्थाचें नांव त्यास दिलें. मांसासाठीं त्याचा इतका संहार झाला कीं, २०२२ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालावे लागले. तें मात्र आपल्या केळीखालीं सहसा यावयाचें नाहीं.

झडपांच्या कांसवाचीं पिलें परसांतच कां निघतात, हें कळलें म्हणजे पुढचें सर्व आपोआप उमगतें. मादी श्रावण-भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत केव्हां तरी पाण्याबाहेर येते व मऊ, ओलसर जमीन शोधिते. खणून भुसभुशीत केलेला, रोज शिंपलेला आपला वाफा तिला पसंत पडावा यांत नवल नाहीं. तेथें मागच्या पायांनीं खळगा करून ती दोनपासून सोळापर्यंत अंडीं घालते. तीं पांढरीं, वाटोळीं आणि मोठ्या गोटीएवढीं असतात. कोंबडीचीं अंडीं एकवीस दिवसांत उबतात, म्हणून हींही तशींच उबत असतील असें आपण गृहीत धरितों. पण या अंड्यांतील वाढ मध्यें कांहीं काळ थांबून राहते. हिंवाळा जातो, उन्हाळा जातो, जमीन दगडासारखी होते, आणि अंडीं आंत स्वस्थ असतात. पुढच्या वर्षींचा पहिला पाऊस मुरून माती सैल झाली म्हणजे पिलें वर येतात; अंडीं घातल्यापासून त्याला आठ-नऊ महिनेही लागतात. म्हणजे आज जें पिलूं अळूखालीं दिसतें, तें गेल्या दसरा-दिवाळीपासून तेथेंच आहे, आणि त्याच्या डोक्यावर खाट टाकून आपण चैत्रांत निजत होतों. त्यास 'बाहेरून घरांत शिरलेलें' कसें म्हणावें?

आतां मदत केव्हां करावी तें सांगतों. अलीकडे परसास सिमेंटची भिंत असते. पूर्वीच्या कुडाच्या कुंपणांतून पिलें सहज निसटत, तीं आतां भिंतीच्या कडेकडेनें फिरून दमतात आणि कावळ्यांच्या नजरेस पडतात. अशा वेळीं मागचें दार किंवा पाणी जाण्याची मोरी मोकळी करून द्यावी. पुष्कळदां तेवढेंच पुरतें. बाहेर मोटारींचा रस्ता असेल, कुत्रीं मोकाट असतील, किंवा ऊन चढलें असून पाणी दूर असेल, तर मात्र पिलांना पोंचविणें भाग आहे. महाराष्ट्राच्या वनखात्यानें १९२६ हा क्रमांक याच प्रकारच्या कामासाठीं ठेविलेला आहे. प्रथम तेथें किंवा जवळच्या वनकचेरींत कळवावें व त्यांच्या सांगण्याप्रमाणें करावें. माणूस येईपर्यंत टोपलींत ओंजळभर ओली माती व चार पानें घालून पिलें सावलींत ठेवावीं. पाणी भरूं नये. दूध, भात, पोळीचे तुकडे, खडीसाखर, यांपैकीं कांहीं घालूं नये. आणि कुंकू तर नकोच, कारण बाजारांतल्या कुंकवांत काय काय मिसळलेलें असतें तें आपल्या कपाळासही ठाऊक नसतें, मग त्या कोंवळ्या कातडीस तें कसें सोसावें?

पिलूं उचलावयाचें तर दोन बाजूंनीं दोन बोटांत अलगद धरावें, जमिनीपासून फार उंच नेऊं नये, व उताणें करून पोट पाहण्याचा मोह आवरावा. पंचतंत्रांतील कंबुग्रीवास हंसांनीं मोठ्या प्रेमानेंच उचलून नेलें होतें, आणि त्याचें पुढें काय झालें तें मुलांना ठाऊक आहे. नंतर प्रत्येकानें साबणानें हात धुवावे. कांसवांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतू असूं शकतात व त्यांपासून लहान मुलांस जुलाब आणि ताप येतो. याच कारणास्तव अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कांसवें विकण्यास बंदी घातली गेली. स्वयंपाकघरांतली परात किंवा पूजेचें ताम्हन या कामीं वापरूं नये, हें आमच्या भगिनीवर्गास निराळें सांगावयास नकोच. सोंवळें आणि आरोग्यशास्त्र यांचें येथें एकमत आहे.

न्यावयाचें कोठें? जवळांत जवळ जें नैसर्गिक पाणी असेल तेथें. पुण्य अधिक लागावें म्हणून दूरच्या तीर्थाच्या नदींत नेण्याची हौस पुष्कळांस असते. पण पावसाळ्यांतल्या नदीचा लोंढा आणि चार बोटांचा जीव, यांचा विचार कोणी करीत नाहीं. आईनें ज्या पाण्यांतून येऊन अंडीं घातलीं तें पाणी बहुधा हांकेच्या अंतरावरच असतें. कांठ उथळ, चिखलाचा, गवत असलेला पाहावा. लगतच्या कपाशींत त्या दिवसांत तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेलें असेल तर तें ठिकाण टाळावें. २०१७ सालीं याच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें धडधाकट शेतकऱ्यांचे बळी घेतले. तें विष पावसाबरोबर नाल्यांत उतरलें तर बेडूक आणि कांसवें कोणाकडे दाद मागणार?

पिलें पाण्यांत टाकूं नयेत. पाण्यापासून तीन-चार पावलांवर जमिनीवर ठेवून त्यांचीं त्यांना चालूं द्यावीं. हें पुष्कळांस उगीच सोपस्काराचें वाटतें. त्यांनीं एकदां रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांतील वेळासला जाऊन यावें. नाना फडणविसांचें मूळ गांव म्हणून आपण त्यास ओळखत होतों. आतां तें समुद्री कांसवांचें गांव म्हणून ओळखलें जातें. तेथें पूर्वीं वाळूंतलीं अंडीं काढून नेलीं जात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांना बरोबर घेऊन तीं अंडीं राखण्याचें काम हातीं घेतलें. रात्रीं मादी येऊन शंभराच्या आसपास अंडीं घालून जाते. पहांटे तिच्या मागावरून तीं शोधून कुंपणाच्या आंत, तशाच खोलीच्या खळग्यांत पुरतात, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें वर येतात. तीं नेऊन समुद्रांत सोडणें हातासरशीं होण्यासारखें आहे. पण तेथें तसें करीत नाहींत. लाटेच्या अलीकडे वाळूवर ठेवितात, पाहणारांना दोरीमागें उभें करितात, आणि पिलूं पडत-धडपडत स्वतःच्या पायांनीं पाण्यास लागेपर्यंत वाट पाहतात. त्या चालण्यांत पिलांस आपल्या किनाऱ्याची ओळख पटते व मोठेपणीं माद्या त्याच भागाकडे अंडीं घालावयास येतात, असें शास्त्रज्ञ मानितात. आपल्या नाल्यांतल्या कांसवाची गोष्ट समुद्रांतल्याहून निराळी असली तरी नियम तोच बरा: पाणी किती खोल, धार किती, आडोसा कोठें, हें त्या पिलास स्वतःच्या अंदाजानें पाहूं द्यावें.

विहिरीविषयीं स्वतंत्र लिहिणें अवश्य आहे, कारण मराठी घरांत कांसव म्हटलें कीं विहीर आठवते. विहिरींत कांसव असलें म्हणजे पाणी निर्मळ राहतें, घराची भरभराट होते, असा समज जुना आहे. कांसव किडे-शेवाळ थोडेंबहुत खातें, त्यावरून तो निघाला असावा. परंतु त्याची विष्ठाही त्याच पाण्यांत पडते, हें कोणी मनांत आणीत नाहीं. बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतीवरून त्यास वर येतां येत नाहीं, ऊन घेण्यास जागा नसते, जोडीदार नसतो. मादी असेल तर अंडीं घालण्यास तिला माती मिळत नाहीं. तें वर्षानुवर्षें जगतें, हें खरें. पण विहिरींत सोडलेल्या प्रत्येक कांसवाचा आपण निर्वंश केलेला असतो. ज्या घरांत वंशाचा दिवा तेवत राहावा म्हणून एवढीं व्रतें होतात, त्या घरानें हें पुण्यकर्म समजून करावें, याचें आम्हांस फार नवल वाटतें.

घरांत काचेच्या पेटींत ठेवणें तर कायद्यानेंच मना आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत झडपांचें कांसव पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसविलेलें आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीप्रमाणें अशा प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षें कैद आणि निदान २५,००० रुपये दंड सांगितला आहे. आणि कायद्याच्या भाषेंत 'शिकार' या शब्दांत जिवंत पकडणेंही येतें. मुलाच्या हौसेखातर दोन दिवस ठेवितों, असें म्हणतां म्हणतां वर्ष निघून जातें, म्हणून हा उल्लेख केला.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पिलें दिसतांच त्यांचें छायाचित्र काढून मोबाइलवरून सगळ्या आप्तांस पाठविण्याची घाई करूं नये. 'वीस नखांचें कांसव' मिळालें कीं त्याची पूजा मांडून पैशांचा पाऊस पाडतां येतो, असें सांगून लोकांस लुबाडणारे भोंदू आपल्या महाराष्ट्रांत आहेत, व त्या व्यवहारांत माणसें पकडलीं गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों. मोठमोठ्या रकमांचे सौदे बोलले जातात आणि त्यासाठीं तळीं धुंडाळलीं जातात. वाचकांनीं स्वतःच मोजावें: झडपांच्या कांसवास प्रत्येक पायास तीन, म्हणजे एकूण बारा नखें, काळ्या कांसवास पुढच्या पायांस पांच-पांच आणि मागच्यांस चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखांसाठीं शेंकडों कांसवें उलटीं करून पाहिलीं जातात, तीं बहुधा पुन्हां पाण्यांत जात नाहींत. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानें २०१३ सालीं केला, तरी हा धंदा थांबलेला नाहीं. आपल्या परसांतली बातमी आपल्या सोयऱ्यांकडून कोणाच्या कानीं जाईल हें सांगतां येत नाहीं. यासाठीं पिलें पाण्यास लागेपर्यंत तरी ती घराच्या चार भिंतींत राहावी.

क्वचित् पिलूं हिरवेंगार असतें व डोळ्यामागें कानाच्या जागीं तांबडा पट्टा असतो. तें आपलें नव्हे. अमेरिकेंतून आलेलें, शहरांतील दुकानांतून विकत घेतलेलें आणि कोणी तरी कंटाळून सोडून दिलेलें. त्यास नाल्यांत सोडूं नये. तें झपाट्यानें वाढतें व आपल्या कांसवांचें अन्न आणि जागा बळकावितें. वनखात्याच्या स्वाधीन करावें. पिलाची पाठ फुटली असेल, रक्त येत असेल, तरीही तेथेंच कळवावें. हळद दाबून घरगुती उपचार करूं नये.

घरांतील एखाद्या मुलीस हें सर्व पाहून गोडी लागली, तर तिला "कांसवांत काय पाहावयाचें?" असें म्हणूं नये. मद्रासकडची जे. विजया ही तरुणी कांसवांच्याच मागें लागली होती. केरळांतलें वनांत राहणारें एक लहानसें कांसव १९१२ सालीं शास्त्रज्ञांनीं वर्णिलें होतें व त्यानंतर सत्तर वर्षें कोणा अभ्यासकास दिसलें नव्हतें. तें तिनें १९८२ सालीं चालकुडीच्या अरण्यांत शोधून काढलें. १९८७ सालीं ती ऐन तारुण्यांत वारली. २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या कांसवाच्या वंशासच तिचें नांव दिलें.

राहतां राहिलीं अंडीं. दिवाळीनंतर वाफे खणतांना पांढऱ्या गोट्यांसारखीं अंडीं कुदळीखालीं येतात. त्यांस हात लागला तर सर्वांत मोठा धोका तीं फिरण्याचा आहे. आंतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटलेला असतो. अंडें उलटलें तर तो गुदमरून मरतो. म्हणून जें अंडें उघडें पडलें असेल त्याची वरची बाजू शिसपेन्सिलीनें हलकेंच खूण करून ठेवावी, तीच बाजू वर राहील अशा रीतीनें तें जागच्या जागीं बसवावें, आणि निघालेलीच माती सैलसर लोटावी. फुटलेलें अंडें काढून दूर पुरावें, नाहीं तर मुंग्या येतात. वर बाभळीच्या चार कांट्या ठेवाव्या, म्हणजे कुत्रें व मुंगूस उकरणार नाहींत. उन्हाळ्यांत पिलांच्या काळजीनें तेथें घागरी ओतूं नयेत. वनकचेरीस कळवून ठेवावें. त्या जागेवर पुढील पावसापर्यंत कुदळ नको, आणि तेथें एक कामटी रोवून तीवर तिथि लिहून ठेवावी. नाहीं तर माघांत घरांतला दुसराच कोणी तरी मेथीसाठीं नेमका तोच वाफा खणावयास घेतो.